काऊकडे न पाहणारे मूल

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून मी ज्या दिवशी रुजू झाले, त्या दिवशी कचेरीतील ज्येष्ठ कारकुनाने जे दप्तर माझ्या स्वाधीन केले, त्यात एकेका अंगणवाडीमागे दहा-अकरा नोंदवह्या होत्या. आणि त्या वह्यांचे रकाने महिनाअखेर नीट भरून घेणे हीच आपली नोकरी, अशी माझी त्या दिवशी जी समजूत झाली ती पुढे पुष्कळ वर्षे टिकली. हजेरी, वजन, लसी, पूरक आहार, गरोदर स्त्रिया, जन्म-मृत्यू, औषधांचा साठा, अशा प्रत्येक बाबीस स्वतंत्र वही होती, वहीस रकाने होते, आणि अखेरीस ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना होता. त्यात काय लिहावे याविषयी मात्र कोणताही हुकूम नव्हता.

रकान्यांची मी निंदा करीत नाही. तोंडाने ‘पोर वाळलंय’ एवढेच म्हणून गप्प बसणाऱ्या गावाला तीच गोष्ट वाढीच्या तक्त्यावर ‘तिसरी श्रेणी’ म्हणून लिहिलेली दिसली, की मग प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप हलते, आणि त्या जीपमुळे वाचलेली मुले मी मोजून दाखवू शकेन. पण ज्या बालकाविषयी मला येथे सांगायचे आहे, त्याचा ठिपका तक्त्यावर अगदी जेथे हवा तेथेच होता.

१९९१ चा पावसाळा, म्हणजे आमच्या माणदेशात पाऊस ज्या दिवसांत पडायला हवा असतो ते दिवस. एका वाडीवर मारुतीच्या देवळाच्या ओवरीत अंगणवाडी भरत असे, तेथे मी तपासणीस गेले होते. तुळईला साल्टरचा काटा टांगलेला होता आणि सेविका एकेका मुलास झोळीत घालून वजन घेत होती. काट्याला लटकताना बहुतेक मुले आक्रोश करतात, काही हसतात, पण हसणारे काय आणि रडणारे काय, प्रत्येक मूल त्या अधांतरी क्षणी कोणाच्या तरी तोंडाकडे पाहते. अडीच वर्षांचा एक मुलगा मात्र झोळीत बसला तो सेविकेकडे पाहीना, दारात उभ्या असलेल्या आजीकडे पाहीना. मान वर करून तो काट्याच्या थरथरणाऱ्या सुईकडे पाहत राहिला. खाली उतरवल्यावर तो कोपऱ्यात गेला, तेथे पडलेले डब्याचे झाकण त्याने शहाबादी फरशीवर उभे धरून भिंगरीसारखे फिरवले, गाल फरशीला टेकवून ते थरथरत आडवे होईपर्यंत पाहिले, आणि पुन्हा फिरवले. माझ्या दोन नोंदवह्या तपासून होईपर्यंत त्याचे हे चालले होते.

पुढे लापशी वाटण्याची वेळ झाली. ‘ताई मला, ताई मला’ करीत सगळी मुले पातेल्याभोवती गोळा झाली. हा शेवटी उठला, मागून आला, त्याने सेविकेचे मनगट धरले आणि तिचा हात नेऊन डावावर ठेवला. तिच्या तोंडाकडे त्याने पाहिले नाही, तोंडातून शब्द काढला नाही. चुलीपाशी आपण सांडशी उचलतो तसा त्याने तो हात उचलला होता.

मला ते फार गोड वाटले.

“लई गुनाचं हाय बाई माजं लेकरू,” त्याची आजी म्हणाली. “रडनं न्हाई, मागनं न्हाई, एकलंच खेळत बसतंय.”

“बोलतो का?” मी विचारले.

“बोलंल की. त्येचा बा बी चार वर्सांचा झाल्यावरच बोलाया लागला.”

सेविकेनेही दुजोरा दिला, की असली आणखी चार मुले असती तर अंगणवाडी चालवणे किती सोपे झाले असते. त्यावर आम्ही तिघी हसलो. त्याच्या शेजारी बसलेल्या, तिसऱ्या श्रेणीतल्या एका रडक्या मुलीपायी माझा तासभर गेला, आणि निघण्यापूर्वी त्या मुलाच्या नावापुढे मी शेरा लिहिला: ‘प्रकृती सुदृढ. स्वभाव शांत.’ खाली सही केली, तारीख घातली.

ज्या साली मी हे लिहीत होते, त्याच साली दिल्लीत मेरी बरुआ नावाच्या एका आईने आपल्या मुलाच्या निमित्ताने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी केली होती. आणि त्याच्याही आधी, १९४३ साली, लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अकरा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, फिरत्या गोष्टींवर लुब्ध होणारी, आणि आरंभी बहिरी समजली गेलेली मुले होती. ते वर्णन प्रसिद्ध होऊन अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. माझ्या तालुक्यात त्या गोष्टीला अजून नावही नव्हते. ‘स्वमग्नता’ हा शब्द मी ऐकला त्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

दरम्यान तो मुलगा सहा वर्षांचा झाला. शाळेत घातला, तर मुका-बहिरा आहे म्हणून गुरुजींनी परत पाठवला. बापाने त्यास उचलून मूकबधिर मुलांच्या एका शाळेत नेले, तर याला ऐकू येते, सबब घेता येत नाही, असे तेथे सांगण्यात आले. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. खिंड चढणाऱ्या एसटीचा आवाज गावात सर्वांच्या आधी त्यास लागत असे. दुसऱ्या कोणाच्या कानी काही पडण्यापूर्वी तो ओट्यावरून उठून उभा राही. आणि हाताच्या अंतरावरून आईने नाव घेऊन दहा हाका मारल्या, तरी तो ओ देत नसे. कानाचा प्रश्न वेगळा आणि ओ देण्याचा वेगळा, हे त्या वेळी गावात कोणाला ठाऊक नव्हते आणि मुख्यसेविका म्हणून पगार घेणाऱ्या मलाही नव्हते. पुढे त्याला ‘मतिमंद’ असा दाखला मिळाला. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती प्रथम आली, पण तालुक्याच्या टेबलापर्यंत पोचायला तिला आणखी बराच काळ लागला. म्हणजे रकाना माझ्याच वहीत नव्हता असे नाही, सरकारच्याही वहीत नव्हता. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, कारण ओवरीत त्या दिवशी सरकार बसलेले नव्हते, मी बसले होते.

पुढे आम्हा मुख्यसेविकांचे एक प्रशिक्षण पुण्यास झाले. अशा प्रशिक्षणांविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. दुपारच्या जेवणानंतर निम्मे सभागृह पेंगत असे आणि उरलेले प्रवासभत्त्याचा हिशेब करीत असे. पण त्या दिवशी बोलायला आलेल्या बालविकासतज्ज्ञ बाईंनी फळ्यावर काहीही लिहिले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्याकडे लहान मुलांना भरवतात कसे?” आम्ही सांगितले, की अंगणात कडेवर घेऊन, काऊ-चिऊ दाखवीत. “मग दाखवताना आई काय करते आणि मूल काय करते?” यावर मात्र कोणीच बोलेना, कारण जन्मभर केलेली आणि पाहिलेली ती गोष्ट आमच्यापैकी एकीनेही निरखलेली नव्हती.

त्यांनी जे उलगडून सांगितले, ते असे. आई बोट करून म्हणते, तो बघ काऊ. अगदी तान्हे मूल आईच्या बोटाकडेच पाहते. पण पुढे नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास त्याची नजर बोटाच्या टोकावरून सुटून कावळ्यावर जाऊन बसते, आणि तेथेही न थांबता परत आईच्या तोंडाकडे येते: तूही तोच पाहते आहेस ना, याची जणू खात्री करण्यासाठी. वर्षाच्या आसपास ते स्वतः बोट करू लागते. आरंभी ते बोट मागण्याचे असते. पाण्याचा तांब्या दे, तो डबा काढ. मग दीड वर्षाच्या आत-बाहेर दुसरे बोट येते, आणि त्यास काहीच नको असते. चंद्र, कुत्रे, विमान, भिंतीवरची पाल, जे दिसले ते केवळ दुसऱ्यानेही पाहावे म्हणून ते केलेले असते. स्वमग्नतेची शंका ज्या मुलांविषयी घ्यावी, त्यांत हे दुसरे बोट पुष्कळदा येत नाही, किंवा फार उशिरा येते. मागण्याचे काम ती दुसऱ्याचा हात नेऊन भागवतात.

हे ऐकताना मला ओवरी दिसू लागली, डावावर ठेवलेला सेविकेचा हात दिसू लागला, आणि त्या दुपारी पुढे काय शिकवले ते मला आज सांगता येणार नाही.

नंतर मी जमेल ते वाचले. ब्रिटनमधील सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली दीड वर्षाच्या बालकांसाठी जी चाचणी पुढे आणली, तिचा भर नेमका दाखवण्याच्या बोटावर, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेण्यावर आणि खोट्या-खोट्या खेळावर होता. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांच्या पालकांना आज जी वीस प्रश्नांची प्रश्नावली देतात, तिचा पहिलाच प्रश्न असा आहे, की तुम्ही खोलीत पलीकडे बोट केलेत तर तुमचे मूल तिकडे पाहते का. काऊ-चिऊचा घास हा आमच्या घरोघरी दिवसातून दोनदा होणारा कार्यक्रम या प्रश्नाचे उत्तर फुकट देत असता, आम्ही तो मूल किती घास जेवले एवढे मोजण्यात घालवीत आलो.

परत आल्यावर मी माझ्या अंगणवाड्यांतील हजेरीपत्रकांच्या अखेरीस पेन्सिलीने चार रकाने आखून घेतले: हाकेला ओ देतो का, दाखवलेल्या वस्तूकडे पाहतो का, आपण होऊन बोट दाखवतो का, खोटे खोटे खेळतो का, म्हणजे रिकाम्या करवंटीतला चहा दुसऱ्याला पाजतो का. पहिल्याच वार्षिक तपासणीत एका वरिष्ठांनी या ‘नामंजूर रकान्यां’विषयी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी तो दिला, आणि रकाने पेन्सिलीचेच ठेवले.

त्या रकान्यांनी मला शहाणे केले तितकेच फजीतही केले, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या वर्षी ज्या मुलांविषयी मला शंका आली, त्यांतील एकाचे कान वाहत होते आणि त्यास खरोखरच कमी ऐकू येत होते. दुसरा एक, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या लमाण कुटुंबातला, वहीतल्या नावाने कितीही हाका मारल्या तरी वळेना. दोन दिवसांनी उलगडा झाला, की त्या नावाने त्यास घरी कोणीच हाक मारीत नाही आणि मराठी त्याच्या कानावर नुकतीच पडू लागली आहे. त्याच्या आईने तिच्या बोलीत, त्याच्या लाडक्या नावाने हाक मारताच तो असा धावत आला, की माझा संशय जागच्या जागी निकालात निघाला. तेव्हापासून मी सेविकांना दोन गोष्टी बजावीत आले. एका खुणेवरून काहीही ठरवायचे नाही: चवड्यांवर चालणारी, हात फडफडवणारी, खडू ओळीत मांडणारी मुले पुष्कळ असतात, आणि ती आपल्याकडे पाहून हसतात, रुसतात, आपल्याला ओढून नेऊन खडूंची ओळ दाखवतात, तोवर काळजीचे कारण नाही. आणि शंका आली, तर सर्वांत आधी कान तपासून घ्यायचे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, तेव्हा माझ्या पेन्सिलीच्या रकान्यांना प्रथमच सरकारी आधार मिळाला. डॉक्टरांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणार, तीस प्रकारचे दोष आणि आजार पाहणार, त्यांत विकासातील विलंबही पाहणार, आणि जरूर तेथे मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे रवाना करणार, अशी ती तजवीज होती. निवृत्तीला थोडाच अवधी उरला असता, याच सुमारास एका अंगणवाडीत मला ती मुलगी दिसली.

ती वीस महिन्यांची होती. गावातली पिठाची गिरणी सुरू झाली की ती दोन्ही कानांवर हात दाबून धरी. मिळालेली प्रत्येक वस्तू आधी हुंगून पाही. आणि आजीने बोट करून कितीही वेळा काऊ दाखवला, तरी तिची नजर आजीच्या बांगड्यांवरून हलत नसे. ‘मामा’, ‘पानी’ असे चार-पाच शब्द ती वर्षाची असताना बोलू लागली होती आणि ते दोन-तीन महिन्यांत एकेक करून गेले होते. बोलू लागलेले मूल बोलायचे थांबले, तर वाट पाहण्याची मुदत तेथेच संपते. हे मला आता ठाऊक होते. प्रश्न होता तो हे त्या घरात कसे सांगावे याचा.

तिच्या आजीचा निकाल तयार होता: आई दिवसभर शेतात, लेकराशी बोलायला हिला सवड कुठली! आत्या म्हणत होती, मोबाईलने केले. मोबाईलमुळे स्वमग्नता जडते असे कोणी सिद्ध केलेले नाही. मात्र हातात मोबाईल दिलेले मूल तासन् तास गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याआड खरी खूण लपून जाते, हे मी पाहिले आहे. आईला दोषी धरण्याची चाल तर आमच्या माणदेशाची नव्हे. मोठमोठ्या विद्वानांनी ती एकेकाळी चालवली. आईच्या थंड स्वभावाने मूल असे होते, असे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली आख्खा ग्रंथ लिहून सांगितले, आणि सुसान फोल्स्टीन व मायकल रटर यांनी १९७७ साली जुळ्या मुलांचा अभ्यास करून याची मुळे आनुवंशिकतेत असल्याचे दाखवून देईपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, असंख्य आयांनी तो आरोप निमूटपणे सोसला. हे सगळे मी त्या आजीला काय सांगणार? मी एवढेच विचारले, “आजी, तुमचा थोरला नातू कोणी वाढवला?”

“हिनंच की.”

“तो बोलतो ना?”

“त्येचं तोंड बंद व्हत न्हाई.”

“मग याच आईचं दुसरं लेकरू कसं बिघडलं?”

आजी काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर सुनेकडे बोट दाखवणे तिने सोडले.

आईला मी रोगाचे नाव सांगितले नाही. ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता आणि आजही नाही. निदान डॉक्टरांचे काम आहे. मी म्हटले, “ताई, तुमच्या पोरीत एवढ्या-एवढ्या गोष्टी मला दिसल्या. मी चुकत असेन तर तुमची एक फेरी वाया जाईल. बरोबर असेन तर एक वर्ष वाचेल.” तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली, “बाई, मला कवाच्यान वाटत व्हतं. इचारायचं कुनाला?” पुढे मला असे पुष्कळदा आढळले, की आईला बहुधा आधीच कळलेले असते, आणि आपण जाऊन काही नवी वार्ता देत नसतो.

कानाची तपासणी झाली, कान चांगले निघाले. निदान होईपर्यंत मुलगी अडीच वर्षांची झाली, कारण एकदा सुगी आली आणि एकदा पावसाने रस्ता गेला. केंद्रातील बाईंनी आईला जे शिकवले त्यात औषध नव्हते, महागडी खेळणी नव्हती: मुलीच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचे, हवी असलेली वस्तू लगेच हातात न देता आपल्या तोंडापाशी धरायची आणि तिची नजर ओझरती जरी वळली तरी तत्काळ द्यायची, ती झाकण फिरवीत असेल तर ते हिसकावून न घेता आपणही शेजारी दुसरे झाकण फिरवायचे. घरातल्यांना आधी हा पोरखेळ वाटला. अकरा महिन्यांनी त्या मुलीने पहिले बोट केले, तेही काऊकडे नव्हे, शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरकडे. आईने हे मला फोनवरून कळवले. तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. मुलगी बरी झाली असे मी म्हणणार नाही, कारण यात बरे होणे असा प्रकार नसतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, गिरणी सुरू झाली की अजून कान झाकते, तहान लागली की ‘तुला पाणी पाहिजे’ असे स्वतःविषयीच सांगते, आणि विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येते.

२०१६ च्या दिव्यांगजनांच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नतेस स्वतंत्र स्थान दिले. ते वाचले तेव्हा मी माणदेशातल्या त्या वाडीवर गेले. ओवरीतली आजी राहिली नव्हती. बाप थकला होता; जुना दाखला त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, आणि नवा कशाला काढायचा हे त्यास पटवायला मला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. २०१८ साली आम्ही तिघे एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग मोठी होती. तो भिंतीशी उभा राहून छताचा पंखा पाहत होता. मध्येच वळला, बापाचे मनगट धरले, आणि बापाचा हात नेऊन पाण्याच्या नळावर ठेवला. बापाने नळ सोडला. आत स्वमग्नतेच्या भारतीय मापनश्रेणीतील चाळीस बाबी एकेक विचारून झाल्या. बाप उत्तरे देत होता, आणि झाकणाविषयी विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले.

दाखला पुढे टपालाने आला. अपंगत्वाचा प्रकार: स्वमग्नता. वय: २९ वर्षे.